झुनिल्दाच्या टोपीचा लाल पट्टा

लास लेंगासच्या क्लब आन्दिनोमध्ये निम्म्या लोकांना धड स्की करता येत नाही, पण टोपीवरून मात्र सख्ख्या भावांची तोंडं वाकडी होतात. टोपी करड्या लोकरीची, कान झाकणारी, सगळ्यांची सारखी. फरक असतो तो पट्ट्याचा. निएब्लास पर्वताच्या वरच्या टोकापासून पायथ्याच्या क्लबच्या बंगल्यापर्यंत जो पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उतरून येईल, त्याच्या टोपीला त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी, लाल पट्टा चढतो. पट्टा आधी विणून ठेवायचा नाही. स्वतःचा स्वतः विणायचा नाही. आणि जो पहिल्यांदा उतरतोय त्याला वाटेत कुणी मागे टाकायचं नाही, मग तो कितीही रखडो. हे नियम कुणी केले ते आता कुणालाच आठवत नाही, म्हणून तर ते मोडायची कुणाची छाती होत नाही.

हे पट्टे विणायची झुनिल्दा रिफो. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, ठेंगणी, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी आणि बोलली की समोरच्याला गप्प करणारी. गावातला खाटीक, शाळामास्तर, लाकूड-गिरणीतले कामगार, एक पाद्रीसुद्धा, सगळ्यांच्या डोक्यावरचे लाल पट्टे तिच्याच सुयांवरून उतरलेले. विणताना एक टाका जरी चुकला तरी ती अख्खा पट्टा उसवायची. टेबलाभोवती भुकेली माणसं चमचे आपटत बसलेली असायची आणि ही शांतपणे लोकर परत गुंडाळायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, “चुकलेला टाका डोक्यावर घेऊन फिरशील का जन्मभर?”

तिच्या स्वतःच्या टोपीला मात्र पट्टा नव्हता.

याचं कारण मोठं नाही, आणि तेच वाईट आहे. क्लबच्या सहलीला ती पहिल्यांदा गेली तेव्हा नवी नवरी होती आणि पोटुशी होती, तेव्हा तिला बसून बटाटे सोलायला दिले. पुढच्या वर्षी पोर अंगावर पिणारं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं. मग क्लबचं ते भलंमोठं पातेलं तिच्या हाती आलं, आणि पातेलं एकदा बाईच्या हाती आलं की ते काढून घ्यायला कुणी पुढे येत नाही. सगळे वर जायचे, लालबुंद नाकं घेऊन खाली यायचे आणि विचारायचे, कासुएला झाली का? झालेलीच असायची. मांस, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं वेळेवर शिजलेलं. तिची दोन्ही पोरं शाळेत असतानाच वरून उतरली. त्यांचे पट्टे विणताना तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि त्या निव्वळ आनंदाच्या नव्हत्या हे तिला त्याच वेळी कळलं होतं.

पोरं मोठी होऊन शहराकडे गेली तेव्हा तिने ठरवलं, आता आपण. सहा वर्षांपूर्वीची ती गोष्ट. लोखंडी दोरावरच्या खुर्चीत बसून ती वर गेली, उताराच्या तोंडाशी उभी राहिली, खाली बघितलं आणि लिफ्टकडे परत वळली. वरचा लिफ्टवाला लिंकोयान भला माणूस. त्याने काही न विचारता खुर्ची सावकाश केली, तिला बसवलं, स्की तिच्या मांडीवर ठेवल्या आणि तिला खाली पाठवून दिलं.

खुर्चीतून खाली येणं म्हणजे काय ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत. रविवार होता, ऊन पडलं होतं, सगळा क्लब वर चालला होता. समोरून एकेक खुर्ची येत होती आणि प्रत्येक खुर्चीतून कुणीतरी अदबीने म्हणत होतं, नमस्कार, डोन्या झुनिल्दा. कुणी फिदीफिदी हसलं असतं तर तिने दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती. त्या अदबीनेच तिचा जीव गेला.

खाली एरिबेर्तो उभा होता. गावचा खाटीक, क्लबमधला सगळ्यात वेगवान माणूस, आणि जिभेला हाड नसलेला. तिची खुर्ची खाली टेकताच तो ओरडला, “पार्सल आलं! सही कोण करतंय?”

तेव्हापासून झुनिल्दा गावभर पार्सल झाली. बेकरीत पार्सलबाईंना किलोभर पाव, पोस्टात पार्सलबाईंचं पार्सल. लोक प्रेमानेच म्हणायचे. आमच्या गावात ज्याला टोपणनाव नाही त्याला मेल्यावर खांदा द्यायलाही कुणी येत नाही. पण प्रेमाने म्हटलं म्हणून टोचायचं राहतं असं थोडंच आहे.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. गावाच्या मागे गिरणीचा भुसा वर्षानुवर्षं पडून त्याची टेकडी झाली आहे. शाळेची भांडी घासून झाली की ती थोरलीच्या जुन्या स्की घेऊन तिथे जायची आणि भुशावरून घसरायला शिकायची. पायांचे अंगठे आत, टाचा बाहेर, स्कीची पुढे पाचर करायची आणि हळूहळू खाली. उन्हाळा नाही, पाऊस नाही, सहा वर्षं. भुसा मऊ असतो, पडलं तर लागत नाही. केसांत, कानांत, मोज्यांत मात्र जातो.

तिचा नवरा आब्दोन क्लबची बस चालवतो. एका सकाळी अंथरूण झटकताना तो म्हणाला, “म्हातारे, गिरणीत कुणी आहे का गं तुझं? रोज भुसा कुठून आणतेस?”

“आहे एक,” झुनिल्दा म्हणाली. “तुझ्यापेक्षा कमी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या स्की दाराआड उभ्या होत्या, तळाला मेणबत्ती घासून चकचकीत केलेल्या. माणूस बोलका नसला तरी आंधळा नव्हता.

यंदाच्या ऑगस्टात, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सणाच्या जोडसुट्टीला, क्लबची सहल निघाली. एरिबेर्तो यंदा अध्यक्ष झाला होता आणि अध्यक्ष झालेल्या माणसाला भाषण केल्याशिवाय अन्न पचत नाही. बस गावाबाहेर पडते न पडते तोच तो मधल्या वाटेत उभा राहिला. क्लबची इतकी वर्षं सेवा, हजारो बटाटे, शेकडो पट्टे, असं बरंच काही बोलला आणि शेवटी त्याने जाहीर केलं, की रविवारी दुपारी निघायच्या आधी डोन्या झुनिल्दाच्या टोपीला क्लबतर्फे मानाचा लाल पट्टा चढवण्यात येईल. विणता फक्त त्यांनाच येतं, तेव्हा त्यांनी तो स्वतःच विणावा. तेवढ्यापुरता नियम आपण सैल करू.

टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या, हे झुनिल्दालाही दिसलं. तिच्या शेजारी तिच्या थोरलीची धर्ममाता, म्हणजे तिची कोमाद्रे, ओर्फेलिना बसली होती, गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. ती टाळ्या वाजवता वाजवता थांबली, कारण तिने झुनिल्दाचा चेहरा पाहिला.

“एरिबेर्तो,” झुनिल्दा जागेवरूनच म्हणाली, “तो पट्टा बटाट्यांचा नाही.”

“डोन्या झुनिल्दा, मान आहे हा तुमचा.”

“सगळ्यांना नियम आहे आणि माझ्यापुरता सैल करायचा, म्हणजे मी तुमच्यातली नाही असंच झालं ना. रविवारी मी वरून उतरेन. नाही उतरले तर नाही. पण न उतरता माझ्या डोक्याला कुणी लाल लोकर लावली, तर त्याच्यासमोर बसून टाका न् टाका उसवेन.”

आब्दोनने आरशातून मागे बघितलं आणि लगेच रस्त्याकडे बघितलं.

शनिवारी वादळ झालं. वारा असा सुटला की वरची लिफ्ट दिवसभर बंद. सगळे बंगल्यात पत्ते कुटत बसले, आणि झुनिल्दा पातेल्यापाशी. भोपळ्याच्या पुऱ्या, आमच्या सोपाइपिया, तळताना ती सारखी खिडकीतून पर्वताकडे बघत होती. उद्या एकच सकाळ. दुपारी जेवण झालं की बस निघणार, कारण खिंडीतल्या रस्त्यावरचा अडसर पोलीस अंधाराआधी खाली टाकतात आणि मग उजाडेपर्यंत चिटपाखरू जात नाही. एका सकाळीत काय ते व्हायचं होतं. आणि नाही झालं तर ती आपल्या बोलण्यामुळेच पार्सलच्याही खाली जाणार होती. पार्सल निदान पत्त्यावर पोचतं.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं निघालं. वारा पडला तरी लिफ्ट उघडायला दुपार होत आली. झुनिल्दाने पातेलं चुलीवर चढवलं, ओर्फेलिनाला मीठ किती ते सांगितलं आणि स्की खांद्यावर टाकून निघाली.

वर लिंकोयान होता. त्याने तिला ओळखलं. खुर्चीतून उतरताना हात दिला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “डोन्या झुनिल्दा, खुर्ची सावकाश करू का?”

“उतरले की मी.”

“नाही, खाली जायला म्हणतो.”

“खाली जायला मी पाय आणलेत, लिंकोयान.”

बोलायला बोलून गेली. पण कड्याशी जाऊन पाहते तो काय, वाऱ्याने मऊ बर्फ सगळा झाडून नेला होता आणि उरला होता तो निळसर, चकाकणारा, घोटून काढल्यासारखा. तिने पाचर केली आणि स्वतःला सोडून दिलं.

भुशाने तिला सगळं शिकवलं होतं, एक सोडून. भुशावर माणूस आपोआप थांबतं. सहा वर्षं ती आपोआप थांबत आली होती आणि तिला वाटत होतं की ती स्वतः थांबतेय. आमच्या गिरणीच्या टेकडीवर शिकलेले सगळे एकदा इथेच फसतात आणि कुणी दुसऱ्याला आधी सांगत नाही. इथे ती घसरली ती घसरतच राहिली. कडेची जाळी अंगावर आली आणि झुनिल्दा कमरेपर्यंत बर्फाच्या ढिगात रुतली, टोपी एकीकडे, काठ्या एकीकडे, तोंडात बर्फ.

ती तशीच पडून राहिली. तिला भीती वाटत होती, साधीसुधी नाही, आणि ती थोडी रडलीसुद्धा. लिफ्ट जवळच होती. चार पावलं वर चढायचं आणि बसायचं. मग तिच्या डोळ्यांपुढे दुपारचं जेवण आलं. एरिबेर्तो उभा राहणार, दोन चांगले शब्द बोलणार, सगळे समजूतदारपणे टाळ्या वाजवणार. उतारापेक्षा तिला त्या टाळ्यांची जास्त धास्ती वाटली. तिने नाक पुसलं, टोपी शोधून झटकली, डोक्यावर दाबून बसवली आणि पहिल्यांदाच उताराकडे नीट बघितलं.

उतार उभा होता, पण रुंदही होता. सरळ खालीच गेलं पाहिजे असं कुठे आहे? ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवं जायचं, कडेला वळायचं, परत यायचं. जन्मभर आणखी काय केलं आपण? एक ओळ सुलट, एक ओळ उलट.

ती निघाली. उजवीकडे जाताना सुलट, डावीकडे येताना उलट. डावं वळण तिला अवघड जायचं, जसं नवख्याला उलट टाका जातो, तेव्हा प्रत्येक वळणाला ती थांबायची, श्वास घ्यायची, पाय जमवायची. दोनदा बसकण मारली. पण थांबायचं असतं ते टाचा दाबून, हे तिसऱ्या ओळीत तिच्या पायांना कळलं आणि मग डोक्याला विचारायची गरज राहिली नाही.

डोक्यावरून खुर्च्या जात होत्या. एका खुर्चीतून ओर्फेलिनाचा आवाज आला, अर्ध्या पर्वताला ऐकू जाईल असा. “कोमाद्रे, ढुंगण आत घे! बसायला आलीयेस का उतरायला?”

“पातेल्याजवळ कोण आहे?” झुनिल्दाने वर न बघता विचारलं.

“कुणी नाही!”

“मग तोंड मिट. ओळ चुकेल माझी.”

पुढच्या एका खुर्चीत एरिबेर्तो होता. थोड्या वेळाने तिच्या मागे स्कीची करकर ऐकू आली.

“डोन्या झुनिल्दा, मी पुढे जातो. माझ्या मागून मागून या. खाली नरसाळ्यात बर्फ फार कडक आहे.”

“नियम काय आहे, एरिबेर्तो?”

“मागे राहायचं.”

“मग राहा.”

राहिला. क्लबमधला सगळ्यात वेगवान माणूस, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत तिच्या मागे पाचर करून. त्याच्या मागे शाळामास्तर आले, मास्तरांच्या मागे गिरणीतले दोघे उनाड भाऊ, जे एरवी पावाला लोणी लावून होईपर्यंत पर्वत उतरून येतात. मग ओर्फेलिना. वरून जो जो उतरला तो तो ओळीत लागला. हळू उतरणं किती कठीण असतं ते त्या दिवशी क्लबला समजलं. मांड्या भरून आल्या, पोटं ओरडू लागली, मास्तरांना तर दुसरीच घाई झाली होती आणि ते प्रत्येक वळणाला आभाळाकडे बघत होते. पण पुढे गेला नाही कुणी.

नरसाळं म्हणजे दोन खडकांमधली अरुंद जागा. तिथे लांब ओळी घालायला जागाच नाही. टोपीचा शेंडा बंद करत आणावा तसं झुनिल्दाने एकेक ओळ लहान लहान करत आणली, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. आणि अगदी मध्यावर तिचा एक पाय सुटला. ती पाठीवर आपटली आणि तशीच, हात-पाय वर, नरसाळ्याच्या तोंडापर्यंत घसरत गेली. ती उठून बसली. लागलं नव्हतं. एरिबेर्तोने वरून ओरडून सांगितलं की छान झालं, नरसाळं पार पडलं, आता पुढे सगळं सोपं आहे.

झुनिल्दा उभी राहिली. खाली बघितलं, वर बघितलं. मग तिने स्की आडव्या केल्या आणि एकेक पाऊल तिरकं टाकत नरसाळं परत वर चढायला लागली.

“काय करताय?” एरिबेर्तो म्हणाला.

“तेवढं मी पायांवर नाही उतरले.”

“अहो, पडलेलं धरतात. सगळे पडतात. मीही पडलो होतो.”

“तुझा पट्टा मी विणला तेव्हा एक टाका गळला होता,” ती धापा टाकत चढत म्हणाली. “तू शाळेत होतास. भुकेने रडत होतास. तरी उसवला की नाही?”

मागच्या सगळ्या रांगेतून एक लांबलचक कण्हणं निघालं. ती जिथे पडली होती तिथपर्यंत चढून आली, वळली आणि नरसाळं पुन्हा उतरली. ह्या खेपेला पायांवर.

खाली बंगल्यापाशी आब्दोनने साखळ्या चढवून बस तयार ठेवली होती, इंजिन सुरू होतं. हे तिला नंतर कळलं. निघायची वेळ कधीच टळून गेली होती. त्याने पर्वताकडे पाहिलं तर अख्खा क्लब नागमोडी रांगेने खाली येत होता आणि सगळ्यांच्या पुढे एक बिनपट्ट्याची करडी टोपी होती. मग त्याने ती टोपी परत वर चढताना पाहिली. आपल्या बायकोला तो ओळखून होता. त्याने हात आत घातला आणि बसचं इंजिन बंद केलं. आता पडू दे अडसर, म्हणाला, आणि मिशीतल्या मिशीत हसत उभा राहिला.

शेवटचा उतार लहान मुलांचा. तिथे झुनिल्दा जवळजवळ सरळ आली, बंगल्याच्या पायरीपाशी टाचा दाबल्या आणि थांबली. स्वतः थांबली. तिला काही सुचेना. हात कुठे ठेवायचे तेही कळेना. पोरं झाली तेव्हा झाला होता तसा आनंद तिच्या अंगभर झाला होता, आणि या खेपेला तो कुणाच्या हाती द्यायचा नव्हता, तिचा तिलाच होता.

“म्हातारे,” आब्दोन म्हणाला, “उशीर केलास.”

“घाई कुणाला होती?” ती म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडून हसता हसता रडली. मागून सगळे येऊन थडकले आणि एकच गलका झाला. मास्तर तेवढे कुणाशी न बोलता धावत आत गेले.

अडसर पडला होता. सोमवार सकाळपर्यंत सगळे अडकले, गिरणीतल्यांची पाळी बुडाली, शाळेला मास्तर नाही आणि गावाला खाटीक नाही. कासुएला तळाला लागून कोळसा झाली होती. तरी कुणाच्या तोंडून कुरकुरीचा शब्द निघाला नाही, आणि आमच्या क्लबमध्ये हे त्या उतरण्याहून मोठं नवल. झुनिल्दा सवयीने चुलीकडे वळली तर ओर्फेलिनाने तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. एरिबेर्तो बटाटे सोलायला बसला. इतकी जाड सालं काढत होता की झुनिल्दाला बघवेना, पण तिने तोंड फिरवलं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जेवणाआधी पट्टा हवा. आधी विणलेला चालत नाही, आणि तिचा तिने विणायचा नाही. आणि विणता दुसऱ्या कुणालाच येत नाही. इतक्या वर्षांत कुणी शिकून घेतलं नव्हतं, कारण झुनिल्दा होतीच.

ओर्फेलिनाला सुईवर टाके घालण्यापुरतं येत होतं. तिने झुनिल्दाच्या पिशवीतून लाल लोकर आणि सुया काढल्या, झुनिल्दाची खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवली आणि बजावलं की मान वळवायची नाही. तिने टाके घातले. पुढे ज्याच्या ज्याच्या टोपीला लाल पट्टा होता त्याने एकेक ओळ घ्यायची ठरली. झुनिल्दा काचेतून काळवंडणारा पर्वत बघत बसली आणि मागचं सगळं ऐकत राहिली. सुई पडल्याचा आवाज. सुलट कुठलं आणि उलट कुठलं यावरून भावाभावांची जुंपलेली. मास्तर समजावून सांगतायत आणि चुकीचं सांगतायत. आब्दोन शिव्या देतोय. एरिबेर्तोची खाटकाची जाड बोटं लोकरीत अडकून बसलेली आणि ओर्फेलिना त्याला म्हणतेय की अरे मेल्या, ते कोकरू नाही, गळा नको आवळू. दोनदा झुनिल्दाचे हात मांडीवर आपोआप हलले. तिने ते एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

शेवटी एरिबेर्तो टोपी घेऊन तिच्यासमोर आला. सगळे मागे उभे होते, आणि बसमध्ये ती काय म्हणाली होती ते सगळ्यांना आठवत होतं.

पट्टा एका टोकाला चार बोटं रुंद होता आणि दुसऱ्या टोकाला दोन. मध्ये गाठी होत्या. एका ठिकाणी टाका गळला होता आणि तिथे अंगठा जाईल एवढं भोक होतं. झुनिल्दाने टोपी हातात घेतली आणि इतकी वर्षं प्रत्येक पट्टा पाहायची तसा तोही पाहिला, बोट फिरवत, एकेक ओळ. कुठली ओळ कुणाची ते तिला कळत होतं. भोकापाशी तिचं बोट थांबलं.

“ती माझी ओळ,” एरिबेर्तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “डोन्या झुनिल्दा, उसवायचा असेल तर उसवा. आम्ही परत विणू. सकाळपर्यंत रस्ता बंदच आहे.”

“हात लावलास तर बोटं तोडेन,” झुनिल्दा म्हणाली आणि टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाली, “वाढा आता. पार्सल भुकेलंय.”

त्या रात्री अर्धेकच्चे बटाटे आणि उकडलेल्या पिन्योनच्या बिया खाऊन, संत्र्याच्या चकत्या घातलेली गरम वाइन पिऊन, क्लब इतका मोठ्याने गायला की पलीकडच्या हॉटेलातली माणसं बघायला आली. झुनिल्दा टेबलाच्या मधोमध बसली होती आणि एकदाही उठली नाही.

पट्टे अजून तीच विणते. टाका चुकला की अजूनही अख्खा उसवते, पोरं कितीही रडोत. तिच्या टोपीतलं भोक बरोबर डाव्या कानावर येतं आणि ऑगस्टात त्यातून असा वारा शिरतो की कान लाल होऊन ठणकतो. आब्दोनने कितीदा सांगितलं, दोन टाक्यांचं काम आहे, घे भरून. ती कानावर हात धरून बसते, पण त्या टोपीला सुई लावत नाही.